व्हिसात मागत नाहीत, म्हणून लस नको?

सुट्ट्या जवळ आल्या की एक संदेश हमखास फिरू लागतो. ‘परदेशी निघालात? लशींच्या धंद्याला बळी पडू नका,’ अशी सुरुवात आणि खाली मुद्दे: व्हिसासाठी जी लस मागत नाहीत तिची गरज नाही, चांगलं हॉटेल आणि बाटलीचं पाणी असलं की पुरे, लहानपणच्या लशी जन्मभर पुरतात, कुत्रा चावलाच तर तिथे इंजेक्शन मिळतं, आणि लागलीच एखादी लस तर निघायच्या आदल्या दिवशी घ्या, एकदम अनेक घेतल्या तर शरीराला झेपत नाहीत. शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ आहेच.

पहिला मुद्दा सगळ्यांत पटणारा आणि म्हणूनच सगळ्यांत घातक. एखादा देश लस सक्तीची करतो ती बहुतेक वेळा प्रवाशाच्या काळजीपोटी नाही, स्वतःच्या. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत लशीचं प्रमाणपत्र मागता येईल असा नाव घेऊन सांगितलेला आजार एकच आहे, पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर. तिथेही अनेक देश प्रमाणपत्र मागतात ते तुम्ही कुठून आलात हे पाहून. त्यांच्याकडे पीतज्वर नसतो, पण तो पसरवणारा डास असतो. भीती असते ती तुमच्या रक्तातून येणाऱ्या विषाणूची. उलट, पीतज्वर जिथे खरोखर आहे असे काही देश आलेल्या पाहुण्याकडे काहीच मागत नाहीत. तुमची तब्येत हा व्हिसा देणाऱ्याचा विषयच नाही. टायफॉइड, कावीळ अ (हिपॅटायटिस ए), रेबीज, जपानी मेंदूज्वर यांच्या लशीचा कागद विमानतळावर सहसा कोणी विचारत नाही, कारण हे आजार झाले तर भोगणार तुम्ही.

शिवाय नियम साथीच्या मागून येतात. हजयात्रेत 1987 साली मेनिंगोकॉकल मेंदूज्वराची साथ आली, त्यानंतर लस सक्तीची झाली. 2000 साली त्याच जिवाणूच्या डब्ल्यू-135 या वेगळ्या प्रकाराने साथ आणली, परतलेल्या यात्रेकरूंच्या घरच्यांनाही लागण झाली, आणि मग चार प्रकारांपासून वाचवणारी लस बंधनकारक झाली. नियम असूनही तो पाळला जाईलच असंही नाही. 2016 साली अंगोलात पीतज्वराची मोठी साथ होती. तिथून परतलेल्या 11 जणांना चीनमध्ये हा आजार निघाला. आशियात पीतज्वराची नोंद होण्याची ती पहिली वेळ. अंगोलात शिरताना लशीचं प्रमाणपत्र सक्तीचं होतं, तरीही.

हॉटेलचा मुद्दा अर्धा खरा आहे. स्वच्छ पाणी आणि गरम अन्न यांनी धोका कमी होतोच, आणि टायफॉइडची लस पूर्ण संरक्षण देत नसल्यामुळे ती घेऊनही हे पथ्य सुटत नाही. पण बर्फ कशाचा, कोशिंबीर कोणत्या पाण्यात धुतली, हे बाटलीच्या झाकणावर लिहिलेलं नसतं. कावीळ अ झालेला माणूस डोळे पिवळे दिसायच्या आधीच्या आठवडा-दोन आठवड्यांत सर्वाधिक संसर्ग पसरवतो; स्वयंपाक करणाऱ्याला तोवर आपण आजारी आहोत याचा पत्ताही नसतो. गोवराचं तर खाण्यापिण्याशी नातंच नाही. रुग्ण निघून गेल्यावरही त्याचा विषाणू बंद जागेतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि विमानतळावरची रांग सगळ्या ताऱ्यांच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना सारखीच.

‘लहानपणी सगळं झालंय’ हे ज्याच्या त्याच्या नोंदवहीवर अवलंबून. गोवराचे दोन डोस झाले असतील तर ते सहसा पुरतात. धनुर्वाताला दर दहा वर्षांनी बूस्टर लागतो. टायफॉइडच्या साध्या इंजेक्शनचा असर दोन-तीन वर्षांत ओसरतो. पोलिओ अजून फिरतो आहे अशा भागात जायचं तर प्रौढांनाही एक वाढीव डोस सुचवतात. पीतज्वराचं मात्र उलट झालंय: प्रमाणपत्र पूर्वी दहा वर्षांचं असे, 11 जुलै 2016 पासून ते जन्मभर चालतं. ज्यांना हा बदल माहीत नाही ते उगाच दुसरी सुई टोचून घेतात. याच मुद्द्याचा एक भाऊबंद म्हणजे ‘मी तिथलाच, मला काही होत नाही’. वर्षानुवर्षं बाहेर राहून जन्मदेशी भेटीला जाणारे लोक प्रवाशांमध्ये जास्त धोक्यात असतात. नातेवाइकांकडे मुक्काम लांबतो, घरचं पाणी पितात, आणि मलेरियाविरुद्धची जुनी ताकद तोवर ओसरलेली असते. (मलेरियासाठी प्रवाशांना लस नाही, गोळ्या आहेत. मान्यता मिळालेल्या दोन्ही लशी साथीच्या भागातल्या लहान मुलांसाठी आहेत.)

कुत्र्याच्या मुद्द्यावर मला खरोखर राग येतो. रेबीजची लक्षणं दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ. आधी लस न घेतलेल्याला खोल चावा बसला तर नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे, सोडावं लागतं, कारण लशीने प्रतिपिंडे तयार व्हायला दिवस लागतात. हे औषध महाग आणि जगात अनेक ठिकाणी मिळतच नाही. ते मिळवायला लोकांना देश बदलावा लागतो. प्रवासाआधी दोन डोस, पहिला आणि सातव्या दिवशी दुसरा, घेतले असतील तर इम्युनोग्लोब्युलिनची गरज उरत नाही, चाव्यानंतर लशीच्या दोन डोसांत भागतं. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची ती दोन्ही वेळा. शहरात चार दिवसांच्या बैठकीला जाणाऱ्याने ही लस घेतलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही. खेड्यापाड्यांत महिनाभर भटकणाऱ्याने आणि मुलं घेऊन जाणाऱ्याने विचारावं. मुलं प्राण्यांना हात लावतात आणि चावा घरी सांगत नाहीत.

‘धंदा’ या शब्दात तथ्य अगदीच नाही असं नाही. गंतव्य, मुक्काम, ऋतू काही न विचारता लशींचं पॅकेज पुढे करणारे आहेत. पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असते. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना ती देत नाहीत आणि साठीपुढच्या माणसाला पहिल्यांदा देताना डॉक्टर दोनदा विचार करतात. अशा वेळी वैद्यकीय सवलतीचं पत्र मिळतं. प्रश्न न विचारता टोचणारा डॉक्टर आणि प्रश्न न विचारता नको म्हणणारा संदेश, दोघंही टाळण्यासारखे.

शरीराला झेपत नाही हे चूक. बहुतेक लशी एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी देता येतात. इंजेक्शनने द्यायच्या जिवंत लशींना एक नियम आहे: एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने. वेळापत्रक बिघडतं ते इथे, म्हणून चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरकडे जायला सांगतात. उशीर झाला असला तरी जावं; कावीळ अ चा एक डोस निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा उपयोगी पडतो. पीतज्वराचं प्रमाणपत्र मात्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आणि तिथे अधिकारी तारीख मोजूनच आत सोडतो.