राजा आहे म्हणून देश टिकतो?

केळीच्या भावाच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत सगळ्यांना येऊन गेलाय. मजकूर थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियात एका शेतकऱ्याने गव्हाच्या कोट्याला (किती गहू विकायचा याच्या सरकारी मर्यादेला) वैतागून आपले शेत स्वतंत्र देश म्हणून जाहीर केले, स्वतः राजा झाला आणि 50 वर्षे सरकारला पैसा दिला नाही. असे चिमुकले देश राजामुळेच टिकतात. राजाचे अधिकार कमी करून निवडणूक आणली की मोडतात. शेवटी सल्ला: आपणही असेच संस्थान काढू.

शेतकरी खरा आहे. लिओनार्ड कॅस्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया, 1970, जमीन साधारण 75 चौरस किलोमीटर. पण त्याला राजेपद हवे होते ते कोर्टकचेरीसाठी. 1495 च्या एका जुन्या इंग्रज कायद्यात प्रत्यक्ष गादीवर असलेल्या राजाची चाकरी करणाऱ्यांना राजद्रोहाच्या आरोपापासून संरक्षण होते, त्याचा आधार मिळावा म्हणून तो ‘प्रिन्स’ झाला. म्हणजे मुकुट ही वकिली युक्ती होती, राज्यकारभाराची पद्धत नव्हे.

पैसा दिला नाही, हेही मेसेजमध्ये अर्धेच आहे. कर थकला, माफ झाला नाही. 2017 मध्ये तिथल्या न्यायालयाने सुमारे 30 लाख डॉलर भरायचा आदेश दिला. त्याच वर्षी म्हातारबाबांनी गादी मुलाकडे दिली, 2019 मध्ये ते वारले आणि ऑगस्ट 2020 मध्ये मुलाने ‘देश’ विसर्जित केला. थकलेल्या करापोटी जमीन विकायची पाळी आली. कोरोनाने पर्यटक बंद झाले होते हे मान्य, पण मेसेजमधला 50 चा आकडा बरोबर त्या शेवटापाशी थांबतो, हे कोणी सांगत नाही.

आता मुख्य मुद्दा, निवडणूक आली की मोडते हा. इटलीतले सेबोर्गा पाहा. तीनशेएक वस्तीचे हे गाव स्वतःला संस्थान म्हणवते, तिथला राजा लोक मतदानाने निवडतात, मुदत सात वर्षे. 1963 मध्ये त्यांनी फुलांचा धंदा करणाऱ्या जॉर्जिओ कार्बोने यांना निवडले. 2019 च्या निवडणुकीत त्यांची मुलगी उभी होती. गावाने तिला पाडले आणि निना मेनेगाट्टो यांना गादीवर बसवले. संस्थान मोडले का? नाही. गाव इटलीला कर भरते, इटलीचा महापौरही निवडते आणि पर्यटकांसमोर मुकुटही मिरवते.

अमेरिकेतले टॅलोसा याहून बोलके. 1979 मध्ये मिल्वॉकीच्या एका शाळकरी पोराने आपल्या खोलीत हे राज्य काढले. पुढे राजाच्या वागण्याला कंटाळून 2004 मध्ये काही नागरिक फुटले, त्यांनी वेगळे प्रजासत्ताक केले. 2005 मध्ये राजाने गादी सोडली, 2007 मध्ये नवा राजा निवडला गेला आणि 2012 मध्ये फुटलेले परत आले. फूट राजामुळे पडली, सुधारणेमुळे नव्हे. (इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचे सीलँड नावाचे असेच चिमुकले संस्थान वंशपरंपरेने अजून आहे, हे मला कोणी सांगेलच. समुद्रातल्या त्या जुन्या लष्करी चबुतऱ्यावर प्रजाच जवळपास नाही, मग बंड कोण करणार?)

आपल्याकडेही बघायला लांब जायला नको. अक्कलकुव्याजवळच्या काठीचे संस्थान केव्हाच गेले, राजवाडी होळीला मात्र अजून सातपुड्यातून माणसांचा लोंढा येतो. हुकूम गेला, मान उरला, आणि होळीला त्याने काही कमी पडलेले नाही.

राहिला सल्ला. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याला आयकर मुळातच नाही, मग वेगळे होऊन वाचणार काय? कॅस्लीचे भांडण कोट्याचे होते. आपले भावाचे, कटतीचे (व्यापारी वजनात करतात त्या कपातीचे) आणि वादळात आडव्या झालेल्या बागेचे आहे. स्वतंत्र झाल्यावर पीकविम्याचा अर्ज कोणत्या वकिलातीत भरायचा, तेवढे मेसेज पाठवणाऱ्या भाऊंनी ग्रुपवर टाकावे.