बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात पर्यटन रुजवायचंय? मग ऐका

सगळ्यात आधी जमीन घ्या. जांबोटीपासून चोर्ल्याच्या रस्त्याला कुठंही चालेल. पूर्वी आपण शेतकरी आहोत हे दाखवावं लागायचं. 2020 साली कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा दुरुस्त करून ती कटकट मिटवली. विकणारा म्हातारा म्हणेल, "साहेब, बांधावरचा फणस तेवढा तोडू नका." बिनधास्त हो म्हणा. शब्द काही उताऱ्यावर चढत नाही.

खोल्या सिमेंटच्याच बांधा, वरून मातीचा रंग द्या. कौलं मात्र जुनी हवीत. गावात ज्यांनी पत्रा घातलाय, त्यांच्या परसात ती रचून पडलेली असतात. नाचण्याची भाकरी थापायला त्यांच्यातलीच एखादी बाई रोजावर बसवा, पाहुण्यांना दिसेल अशी. चुलीचा धूर फोटोत यावा आणि जावा तिच्या डोळ्यांत.

सांडपाण्याची चिंता नको. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम आहे, तिथं भक्तिभावानं हात जोडा आणि पाइप ओढ्यात सोडा. हेच पाणी पुढं सौंदत्तीच्या धरणातून हुबळी-धारवाडला प्यायला जातं. तुमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडचीच, म्हणजे ज्याचं त्याला घरपोच.

बोर्डाचा 60 टक्के भाग कन्नडात हवा, तसा कायदाच आहे. उरलेल्यात इंग्रजीत 'व्हिलेज एक्स्पिरिअन्स' लिहा. मराठी येते फक्त चुलीपुढच्या बाईला, आणि तिला बोर्ड वाचून कुठं जायचंय?

आता खरं भांडवल. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. आत गवाळी, कोंगळा, आमगाव अशी गावं आहेत. पावसाळ्यात ओढे फुगले की आजाऱ्याला खांद्यावरून आणायचं, पलीकडं जायला लाकडी साकव, तोही शाबूत असला तर. अशा गावाला पक्का रस्ता नि पूल झाला की तुमचा धंदा बसला! म्हणून वन्यजीवांच्या काळजीचं एक निवेदन तयार ठेवा. त्यात बारापेडे गुहेतली दुर्मीळ वटवाघळं आलीच पाहिजेत. (तुमच्या डीजेला निवेदनाची गरज नाही, तो शनिवारीच असतो.) साकवाला 'ॲडव्हेंचर' म्हणा, रेंज नसण्याला 'डिजिटल डिटॉक्स'. फोन लावायला रोज टेकडी चढणारा पोरगा गाइड म्हणून आयता मिळेल.

लोकसहभाग लागतोच, कागदावर. त्यासाठी ग्रामसभा ऐन रोप लावणीच्या दिवशी ठेवायला सांगा. सगळं गाव चिखलात, ठराव एकमतानं मंजूर. सह्या मागाहून घरोघरी फिरून घेता येतात. रेशनचं काहीतरी आहे म्हणावं.