सोल्डरच्या तारेनं कल्हई? तांब्या बघून डोकं फिरलं

परवा मावशीनं पितळी तांब्या माझ्या हातात दिला. म्हणाली, "बघ, घरीच कल्हई केली. तुमच्या त्या सोल्डरच्या तारेनं." वीस वर्षं टीव्ही-मिक्सर दुरुस्त करतोय मी, त्यातले सांधे याच तारेनं जोडतो. ती चमक लांबूनही ओळखू येते.

तिला आलेला व्हॉट्सॲपवरचा संदेश असा : कल्हई कथलाची असते, आणि सोल्डर म्हणजे कथीलच. कथील २३२ अंशांना वितळतं, सोल्डर १८३ लाच, म्हणून ते जास्त शुद्ध. थोडं शिसं असलं तरी तापवल्यावर धूर होऊन जातं. आणि कल्हईवाले तरी कुठे शुद्ध कथील वापरतात?

आकडे बरोबर, अर्थ साफ उलटा. एकटं शिसं ३२७ अंशांना वितळतं, एकटं कथील २३२ ला. दोन्ही एकत्र आले की मिश्रण दोघांच्याही आधी वितळतं. कुल्फीवाला बर्फात मीठ का टाकतो? मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली वितळतो म्हणून. मीठ घातलेला बर्फ जास्त शुद्ध, असं कुणी म्हणतं का? १८३ हा आकडा साधारण ६२ टक्के कथील आणि ३८ टक्के शिशाच्या मिश्रणाचा आहे. म्हणजे लवकर वितळणं हाच शिसं असल्याचा पुरावा. मावशीच्या रिळावर ६०/४० छापलंय. त्यातले ४० म्हणजे शिसं, आणि ते आता तांब्याच्या आत बसलंय.

धुराचं तर विचारूच नका. शिसं उकळायला सतराशेच्या वर अंश लागतात. घरच्या गॅसवर कल्हई करताना तेवढी उष्णता कुठून येणार? डाख देताना, म्हणजे सोल्डरनं जोडताना, दिसणारा धूर तारेच्या पोटातल्या राळेचा. राळ जळते, शिसं जागच्या जागी राहतं. मग त्यात ताक, चिंचेचं सार, सोलकढी ठेवली की आंबटाबरोबर थोडं थोडं पोटात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. मावशीची नात दोन वर्षांची आहे.

कल्हईवाल्यांचं मात्र नाइलाजानं मान्य करतो. कथील महाग, शिसं स्वस्त, त्यामुळे भेसळ करणारे आहेत. कांडी कानाजवळ धरून वाकवायला सांगा, चांगलं कथील करकरतं. थोडी भेसळ यानं कळत नाही, तेव्हा ओळखीचाच माणूस बघा आणि कथील आपल्यासमोर वितळवून घ्या. पण कुणी चोरून थोडं शिसं मिसळतो म्हणून आपण उघड चाळीस टक्के घालायचं?

शिसं घासून काढायच्या भानगडीत पडलो नाही, त्याची धूळ आणखी वाईट. तांब्या दुकानात आणलाय. स्क्रू ठेवायला बरा आहे.