डॉपलर उभं करूनच का?

पायाच्या शिरांवरच्या एका लेखात डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतल्या रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी, ‘रक्त नीट वाहतंय का ते कळतं’ एवढ्यावरच उरकलीय. खरी गंमत ती कशी करतात यातच आहे.

आमचे अण्णा परभणीत ३० वर्षं हॉटेलच्या भट्टीपुढं उभे. घोट्याजवळची कातडी काळपट पडलेली, संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच. पहिल्या ठिकाणी नुसतं आडवं झोपवून पाहिलं आणि रिपोर्ट नॉर्मल! पुढं लातूरला एका डॉक्टरांनी त्यांना उभं केलं, भार दुसऱ्या पायावर द्यायला लावला, मांडीला गारगार जेल लावून प्रोब (सोनोग्राफी मशीनचा हातात धरायचा भाग) ठेवला आणि पोटरी दाबून सोडली. दाबली की रक्त वर जातं. सोडल्यावर उभ्या पायात ते परत खाली यायला बघतं, तेव्हा शिरेतल्या झडपांनी ते अडवायला पाहिजे. विहिरीवरच्या मोटारीचा फूटवॉल्व गळका असला की पाइपातलं पाणी परत खाली उतरतं ना, अगदी तसंच. कातडीखालच्या शिरेत उलटा प्रवाह ०.५ सेकंदाच्या वर गेला तर झडप निकामी, मांडीच्या खोल शिरेत ही मर्यादा १ सेकंद. अण्णांच्या वेळी मशीनमधून येणारा उलट्या प्रवाहाचा ‘फूऽऽस’ आवाज संपायलाच तयार नव्हता.

रक्ताची गाठ शोधायची असेल तर मात्र प्रोबनंच शीर दाबतात. चांगली शीर चपटी होते, गाठ असलेली होत नाही. त्या तपासणीसाठी झोपवलं तरी चालतं.

अण्णांचं म्हणणं वेगळंच : “उभं राहूनच दुखणं आलं, आन् तपासायलाबी उभंच करता व्हय?”