मासिक उत्पन्न किती? हा प्रश्न आधी खोडा

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर एक रकाना हमखास असतो: मासिक उत्पन्न. पगारदाराला ठीक आहे हो, पण हर्णै बंदरातल्या माणसाने काय सांगायचं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं; त्या रापणीवाल्याला मिळतो तो वाटा, तोही त्या दिवशी जाळ्यात आलं त्यातला. आंबेवाल्याचं तर विचारूच नका. फवारणी, राखण, पेट्यांचा खर्च आधीच होऊन गेलेला आणि पैसा येणार वाशीच्या बाजारातल्या विक्रीचा हिशोब, म्हणजे पट्टी, हातात पडेल तेव्हा. त्याने मनातल्या मनात बाराने भागायचं? बिचारा भागतोही. "लिवा धा हजार." मग आपण त्याची सरासरी काढून रंगीत आलेख करतो!

त्यापेक्षा विचारा, गेल्या हंगामात पेट्या किती पाठवल्या? शेवटची पट्टी कितीची आली? त्याला आठवतं ते त्याने सांगावं, हिशोब आपण करावा.

आठवणीचा हा मुद्दा सरकारी पाहणीवाल्यांना चांगला ठाऊक आहे. २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत मासळी, अंडी, भाजीचा खर्च गेल्या ७ दिवसांचा विचारला, कपड्यांचा ३६५ दिवसांचा. पण ही युक्ती उचलून कुणी श्रावणात चार दिवस मालवणात फिरलं, तर मालवणी माणूस मासे खात नाही असा निष्कर्ष निघेल. त्यांची पाहणी वर्षभर चालते म्हणून त्यांचं निभावतं.

काही प्रश्न तर उत्तर मिळू नये म्हणूनच लिहिल्यासारखे. "बंदरावरील बर्फ व डिझेलच्या सोयीबद्दल समाधानी आहात का?" बर्फ मिळतो, डिझेलची बोंब आहे. आता हो म्हणू की नाही?

किंवा हा घ्या: "तुम्ही एलईडी दिवे लावून मासेमारी करता का?" त्यावर २०१७ पासून बंदी. समोर अनोळखी पोरगा, आणि फॉर्मच्या सुरुवातीलाच नाव, गाव, मोबाईल नंबर. कोण हो म्हणेल? "या भागात दिवे लावणाऱ्या नौका किती असतील?" असं विचारलं तर निदान बोलणं तरी सुरू होतं. अर्थात तो अंदाजच, मोजणी म्हणून छापू नका. नाव लागणारच असेल तर शेवटी विचारा.

यंदा मुलांना प्रकल्पासाठी बंदरावर धाडणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. झेरॉक्स काढण्याआधी फॉर्म घेऊन जाळं शिवत बसलेल्या चौघांकडे जा. लिलावाच्या वेळी नको, तेव्हा कुणी उभं करणार नाही. प्रश्न वाचा आणि म्हणा, "मी काय विचारलं ते तुमच्या भाषेत सांगा." चौघांनी चार अर्थ सांगितले की तो प्रश्न तिथेच पेनाने खोडा.