दान करावे, पण पोचू देऊ नये

मेल्यावर करायच्या दानाइतकं सोयीचं दान दुसरं नाही. जिवंतपणी खिशातून दमडी जात नाही, आणि ‘मृत्युपत्रात संस्थेसाठी तरतूद केली आहे’ असं चारचौघांत एकदा बोललं की लोक त्याच संध्याकाळपासून खुर्ची पुढे करू लागतात. धोका एकच. तुमच्यामागे ते पैसे खरोखरच एखाद्या वाचनालयाला किंवा होतकरू मुलांच्या शिष्यवृत्तीला जाऊन पोचू शकतात. भारतीय कायद्याने या कामी दात्याचा काहीच छळ मांडलेला नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिलं तरी चालतं. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. इतकी मोकळी वाट अडवायची तर थोडा अभ्यास हवा, आणि तो करणारे दानशूर आपल्याकडे कमी नाहीत.

पहिलं हत्यार मोघमपणा. ‘माझ्या मिळकतीपैकी योग्य ती रक्कम समाजाच्या भल्यासाठी खर्च करावी’ हे वाक्य सुरेख आहे, तसंच ठेवा. ‘योग्य ती’ म्हणजे किती, हे लिहिण्याचा मोह टाळा. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 89 तुमच्या मदतीला आहे: अर्थ निश्चित होत नसेल तर ते देणंच रद्दबातल. त्या कलमाखालची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. किती ते न सांगता ‘पैसे देतो’, ‘गहू देतो’, ‘तेल देतो’ असं लिहिलं तर ते देणं निरर्थक. ‘परिशिष्टात नमूद केलेल्या सर्व वस्तू देतो’ असं लिहिलं आणि परिशिष्टच सापडलं नाही, तरी तेच. ही परिशिष्टाची युक्ती आजही शंभर नंबरी आहे. मुख्य मजकुरात ‘सोबतच्या यादीप्रमाणे’ असं ठळक लिहायचं आणि यादी सवडीने करू म्हणून ठेवून द्यायची.

फक्त ‘धर्मादाय’ या शब्दावर विसंबू नका. एकेकाळी तो हुकमी होता. नुसतं ‘धरम’साठी दिलेलं दान अनिश्चित म्हणून प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1899 साली मुंबईच्या एका खटल्यात रद्द ठरवलं होतं. पण पुढे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने कलम 10 घालून मजा घालवली. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान अशा हेतूंचा सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) केवळ हेतू निश्चित करता येत नाही म्हणून महाराष्ट्रात रद्द होत नाही. तेव्हा हेतूच्या मोघमपणावर भिस्त न ठेवता रकमेत, मिळकतीच्या वर्णनात आणि संस्थेच्या नावात तो पेरा.

संस्थेचं नाव लोक तोंडाने घेतात तेवढंच लिहा: ‘आपलं वाचनालय’, ‘तालीम’, ‘मंडळ’. न्यास नोंदणी क्रमांक, नोंदणीचं साल, नोंदलेला पत्ता यांतलं काहीही देऊ नका. नुसती स्पेलिंगची चूक पुरणार नाही. उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 76 म्हणतं की नावात चूक असली तरी कोण अभिप्रेत आहे ते कळत असेल तर दान टिकतं. म्हणून नाव असं हवं की दोन संस्थांना ते सारखंच लागू पडेल. दोन गट पडून दोन कार्यकारिणी झालेली संस्था मिळाली तर उत्तमच. धर्मादाय कार्यालयात दोघांचेही बदल अर्ज प्रलंबित असतात, आणि कुणाची सही चालणार हे ठरेपर्यंत तुमची ठेव बँकेत निवांत पडून राहते. नोंदणीच नसलेलं मंडळही चांगलं. न्यासाची नोंदणी नसेल तर त्याच्या वतीने हक्क बजावायला दावा चालवता येत नाही, हे विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम 31. वारसांनी ‘देत नाही जा’ म्हटलं की प्रकरण तिथेच थांबतं.

मोघमपणाचा जागतिक नमुना हवा असेल तर जेम्स स्मिथसन घ्या. या इंग्रज शास्त्रज्ञाने 1826 साली मृत्युपत्र केलं, 1829 साली तो वारला. पुतण्या निपुत्रिक गेला तर सारी संपत्ती अमेरिकेला द्यावी, वॉशिंग्टनमध्ये ‘ज्ञानाची वाढ आणि प्रसार’ करणारी संस्था काढावी, एवढंच त्याने लिहिलं. अमेरिकेत त्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. पुतण्या 1835 साली खरोखर निपुत्रिक गेला, 1838 साली लाखभर सोन्याची नाणी जहाजाने रवाना झाली, आणि मग ज्ञान म्हणजे विद्यापीठ, वेधशाळा, ग्रंथालय की शेतीची शाळा, यावर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जी चर्चा जुंपली ती 1846 पर्यंत. मधल्या काळात ते पैसे अर्कान्सस राज्याच्या रोख्यांत गुंतवले गेले आणि राज्याने हात वर केले. शेवटी काँग्रेसने भरपाई करून दिली म्हणून स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. तुमच्या वाचनालयामागे काँग्रेस उभी नसल्याने तुमचं काम याहून सोपं आहे.

आता साक्षीदार. कायद्याला किमान दोन लागतात, आणि त्या दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही सही माझीच’ असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं. मग त्यांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. दोघं एकाच वेळी हजर हवेत असंही नाही. यात चुकायला जागा कमी वाटते, पण आहे. तुम्ही घरी सही करून कागद शिपायाबरोबर पाठवा आणि ‘फुली मारली आहे तिथे सही करा’ असा निरोप द्या. साक्षीदार तुमच्याहून दहा वर्षांनी मोठे निवडा. पुढे दोघांपैकी एक तरी हयात असेल तर तो कोर्टात साक्ष देऊन जातो; कुणीच नसेल तर सह्या कुणाच्या हे सिद्ध करत बसावं लागतं. त्यांचे पूर्ण पत्ते लिहू नका. वय झालेलं असेल तर सहीच्या दिवशी डॉक्टरांचा दाखला घेऊ नका. ‘पूर्ण शुद्धीवर व राजीखुशीने’ हे छापील शब्द पुरेसे आहेत, असं समजा.

त्याहून बहारदार व्यवस्था म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांनाच सगळं सोपवणं. मसुदा त्यांनी करावा, वकील त्यांनी आणावा, निबंधक कार्यालयात गाडीतून त्यांनीच न्यावं, साक्षीदार कार्यकारिणीतले असावेत, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, म्हणूनही तेच. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने वेंकटचल अय्यंगार प्रकरणात नेमकं हेच सांगून ठेवलं आहे: ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल तर ती संशयास्पद परिस्थिती, आणि संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची. अध्यक्ष बिचारे धुतल्या तांदळासारखे असले तरी पुढची काही वर्षं तारखांना जातील. नोंदणी केली आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही दिलासा देऊ नका. नोंदणीने मृत्युपत्र हरवत नाही इतकंच, संशय तिने आपोआप फिटत नाही.

मसुदा झाल्यावर दर दिवाळीला त्यात सुधारणा करा. पन्नास टक्के खोडून तीस, तीस खोडून ‘बघू’. खाडाखोडीशेजारी सही आणि साक्षीदारांच्या सह्या असल्या तरच ती धरली जाते, नाहीतर मूळ शब्द कायम. म्हणून व्हाइटनर वापरा. त्याखालचा मूळ शब्द वाचताच येऊ नये ही खबरदारी घेतली की वकिलांनाही काही काम उरतं. वेगळं पुरवणी मृत्युपत्र करायचं असेल तर त्यावर तारीख घालू नका.

एक्झिक्युटर नेमूच नये हा एक मार्ग. मग मिळकत वाटण्याचा अधिकार देणाऱ्या प्रशासनपत्रासाठी मृत्युपत्र जोडून कोर्टात जावं लागू शकतं. दुसरा मार्ग जास्त करमणुकीचा: एकमेकांशी बोलत नसलेले तिघे नेमायचे आणि ‘सर्व निर्णय एकमताने घ्यावेत’ अशी ओळ टाकायची. मृत्युपत्रातूनच नवा न्यास काढायचा असेल तर हे तिघे हवेतच. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 29 प्रमाणे प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांत जे आधी येईल त्याच्या आत एक्झिक्युटरने न्यासाच्या नोंदणीचा अर्ज करायचा असतो. सहा महिन्यांत तिघांचं चहावरही एकमत होणार नाही.

काय द्यायचं, याचीही निवड विचारपूर्वक करा. जे तुमचं नाही ते द्या, हा मूलमंत्र. वडिलोपार्जित घर ‘संपूर्ण’ वाचनालयाला लिहून द्या. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तुम्हाला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि 2005 पासून मुलींचाही हिस्सा मुलांइतकाच आहे, हे वाटपाच्या वेळी सगळ्यांना कळेलच. मुस्लिम दात्याने देणी फेडून उरलेल्याच्या एक तृतीयांशाहून जास्त लिहावं. वारसांची संमती नसेल तर वरचं गळून पडतं. शेतजमीन असेल तर सोन्याहून पिवळं. शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाऊ नये हा कूळकायद्याच्या कलम 63 चा हेतू. 2020 साली गुजरातच्या प्रकरणात, जिथे हाच मुंबईचा कूळकायदा लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्राच्या आडवाटेने ही बंदी टाळता येणार नाही असं सांगितलं. सातबारा वाचनालयाच्या नावावर चढवायला निघालेल्या कार्यकर्त्यांचे जोडे झिजताना पाहायला तुम्ही नसाल, एवढीच खंत.

बँकेतली ठेव द्यायची तर पावतीच्या क्रमांकासकट द्या. ‘अमुक क्रमांकाच्या पावतीची रक्कम.’ मुदत संपून पैसे दुसरीकडे वळवले की ती विशिष्ट वस्तू मृत्यूसमयी तुमच्याजवळ नसते आणि देणं बुडतं. ‘सर्व देणी भागून जे उरेल त्याच्या अमुक टक्के’ हे शब्द मात्र विषासारखे टाळा. ठेव मोडो, घर विकलं जावो, ते कशानेही बुडत नाहीत. नॉमिनी म्हणून संस्थेचं नाव घालायला जाल तर बँक ऐकणार नाही, खात्याला नॉमिनी व्यक्तीच लागते. मग खजिनदारांचं नाव घाला, वैयक्तिक. 1983 पासून न्यायालयं सांगत आली आहेत की नॉमिनी हा मालक नसून रक्कम ताब्यात घेणारा विश्वस्त. हे तुमचे वारस खजिनदारांना नोटिशीने कळवतील.

आणि आता जिथे खरी प्रतिभा लागते तो भाग: अटी. दान बिनशर्त दिलं तर ते दान कसलं? हॉलला नाव द्यावं इतकी किरकोळ अट नको. फलकाची लांबी-रुंदी, अक्षरांची उंची, तो प्रवेशद्वाराच्या उजव्या हातालाच असावा, दरवर्षी त्याला पॉलिश व्हावं, आणि पॉलिशचा खर्च संस्थेने करावा, इथपर्यंत जा. इमारत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ विकू नये, भाड्याने देऊ नये, भिंत हलवू नये. दुरुस्तीसाठी मात्र पैसे ठेवू नका. तसंही न्यासाची इमारत विकायला किंवा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागतेच. तुमच्या अटीमुळे ती मागायचीही सोय उरत नाही. शहाणी संस्था असेल तर हात जोडून ‘नको’ म्हणेल. ते स्वातंत्र्य तिला आहे.

शिष्यवृत्तीचे निकष इतके बारीक करा की उमेदवार सापडू नये. बेंजामिन फ्रँकलिनने 1790 साली बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला प्रत्येकी हजार पौंड ठेवले, दोनशे वर्षांसाठी. कर्ज कुणाला? शिकाऊ उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आतल्या, विवाहित कारागिरांना, पाच टक्के व्याजाने, दोन जामीन घेऊन. कारखाने आले, शिकाऊ उमेदवारीची पद्धत मोडली, कर्ज घ्यायला माणूस मिळेना. तरी त्याचे पैसे दोनशे वर्षांत लाखो डॉलर झाले, कारण त्याने हिशेब नीट मांडला होता. तुम्ही तसं करू नका. पारितोषिकाची रक्कम आकड्यात गोठवा आणि ‘यात कधीही बदल करू नये’ असं लिहा. महागाई वर्षाला 6 टक्के धरली तर 12 वर्षांत त्या रकमेची किंमत निम्मी आणि 24 वर्षांत चौथाई होते. पुढे पाकिटापेक्षा त्यातली रक्कम हलकी होईल, तोवर समारंभात तुमचं नाव मात्र दरवर्षी घेतलं जाईल. ‘उद्देश कालबाह्य झाल्यास जवळच्या उद्देशासाठी वापरावे’ ही एक ओळ हा सगळा डाव उधळते. तिच्याअभावी संस्थेला विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 55 खाली न्यायालयाची पायरी चढावी लागते.

संस्थेला आधी विचारायचं नाही, हे ओघानेच आलं. आल्फ्रेड नोबेलने तरी कुठे विचारलं होतं? 1895 साली पॅरिसमध्ये वकिलाशिवाय मृत्युपत्र केलं, पारितोषिकं देणाऱ्या संस्थांची नावं त्यांना न कळवता घातली, आणि पैसे सांभाळणारी संस्था अस्तित्वातच नव्हती. नातेवाईक भांडले, स्वीडनचा राजा नाराज झाला, एक्झिक्युटर रोखे हलवताना घोडागाडीत पिस्तूल घेऊन बसला. तरी तो सगळा मामला पाच वर्षांत मार्गी लागला हा त्या पिस्तुलाचा दोष. घरच्यांनाही सांगू नका. का दिलं, किती दिलं, मुलांसाठी आधीच काय केलं आहे, हे सांगणारा एक परिच्छेद मृत्युपत्रात घातला तर आव्हान देणाऱ्याची निम्मी हवा जाते. म्हणून तो परिच्छेद गाळा.

राहता राहिला मूळ कागद ठेवायचा प्रश्न. जिल्हा निबंधकाकडे तो बंद पाकिटात ठेवता येतो, नोंदणी अधिनियमात तशी सोय आहे, पण तिची वाच्यता करू नका. एकट्याच्या नावाचा, नॉमिनी नसलेला बँक लॉकर घ्या आणि मृत्युपत्र त्यात ठेवा. लॉकर उघडायला बँक वारसाहक्काचे कागद मागेल, आणि कागद लॉकरमध्ये असतील.