कोलोसियमचं कौतुक करा, पण वर कोण बसायचं तेही सांगा

सकाळी एका ग्रुपवर कोलोसियमचा, म्हणजे रोममधल्या खेळांच्या प्राचीन रिंगणाचा, व्हिडिओ आला. राजा असो वा रंक, रोममध्ये सगळे मांडीला मांडी लावून खेळ बघायचे म्हणे! खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

आईला घेऊन रोमला गेले होते. गुडघे धरत ती कोलोसियमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली. जिने कसले, उभे कडेच ते. दम खात मला म्हणाली, "विचार गं त्या गाइडला, बायका कुठे बसायच्या?" गाइडने बोट आणखी वर नेलं, पार टोकाला, जिथे लाकडी बाकं असायची. आई म्हणाली, "एवढं चढून दिसायचं काय, मुंग्या?"

मांडीला मांडी कसली डोंबलाची! इ.स.पू. ६७ च्या कायद्याने नाट्यगृहातल्या १४ रांगा धनिक इक्वेस्ट्रियन वर्गाला दिल्या. त्यांच्याही पुढे सिनेटर, म्हणजे रोमच्या राजसभेचे सदस्य. पुढे पुतेओली गावात गच्च गर्दीत एका सिनेटरला कुणी जागा दिली नाही, तर सम्राट ऑगस्टसच्या काळात ठरावच झाला की सार्वजनिक खेळ कुठेही असो, पहिली रांग सिनेटरांची. एका माणसाला उभं राहावं लागलं म्हणून! सैनिक वेगळे, लग्न झालेले सामान्य पुरुष वेगळे, मुलगे वेगळे आणि त्यांचे शिक्षक शेजारच्या भागात. मळकट, गडद कपडेवाल्यांना मधल्या भागात मज्जाव. आणि ग्लॅडिएटरांचे खेळ तोवर पुरुषांबरोबर बसून बघणाऱ्या बायकांची रवानगी सगळ्यात वर. वेस्टा देवीच्या पुजारिणींना तेवढी खालची मानाची जागा.

कोलोसियम सुरू झालं इ.स. ८० मध्ये, पण शिरस्ता हाच. खाली सिनेटरांसाठी रुंद, बुटक्या पायऱ्या, वर स्वतःच्या खुर्च्या मांडून ऐसपैस बसायला. तिथल्या पाचव्या शतकातल्या संगमरवरावर सिनेटरांची नावं आहेत, जुनी खरवडून त्यावर नवी कोरलेली. आईच्या त्या टोकाच्या बाकांचं मात्र लाकूडसुद्धा उरलं नाही.

बरं, प्रवेश फुकट होता, मान्य. सर्कस मॅक्सिमस या मैदानात रथांच्या शर्यतींना बायका-पुरुष शेजारी बसायचे, तेही मान्य. आणि कमानींवरचे आकडे बघून मीही हरखले होते. ८० कमानी, त्यातल्या ७६ ना क्रमांक. आपला आकडा शोधायचा आणि थेट आपल्या जिन्याला लागायचं. पण प्रत्येकाला त्याच्या पायरीवर ठेवायची सोयही त्याच जिन्यांनी केली. आईला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या गुडघ्यांना कळलं.

फ्रान्समधल्या नीम शहरातल्या रोमन रिंगणातला एक शिलालेख मात्र मला फार आवडतो. ऱ्होन आणि सोन नद्यांवरच्या नावाड्यांसाठी ४० जागा, नगरसभेच्या ठरावाने, दगडात कोरून राखलेल्या. दिवसभर होड्या हाकणारी माणसं, आणि त्यांची हक्काची जागा! जीव सुखावतो वाचून.

रोमला जाणार असाल तर वरच्या मजल्यावर नक्की चढा. कठड्याशी उभं राहून खाली बघा, आणि बरोबरच्या मुलींना सांगा, आपल्याला याच्याही वर बसवलं असतं.